रायाजी मापारी आणि थांबलेले राज्य

एका राज्यात कशाचीच वानवा नव्हती, आणि नेमके तेच तिथल्या राजाला खुपत होते. राजाचे नाव मणिध्वज. सुखाचा घास तोंडात असताना तो कुठून आला हे विचारायची त्याला खोड होती.

रोज सकाळी तो सज्ज्यात बसे. वेशीतून दुधाच्या घागरी येत, फुलांच्या पाट्या येत, आठ दिवसांच्या वाटेवरच्या समुद्राचे मीठ बैलांच्या पाठीवरून येई. दुधवाल्याला कुणी हाक मारलेली नसे, मीठवाल्याला कुणी हुकूम धाडलेला नसे. तरी सगळे वेळेवर येई, आणि संध्याकाळपर्यंत जिथल्या तिथे जाई. राजाने प्रधानाला विचारले, "हे सगळं चालवतं कोण?"

"आपण, महाराज."

"मी तर आत्ताच उठलो," राजा म्हणाला.

मग त्याने राज्यातले तीन पंडित बोलावले. पहिला हजार पायऱ्यांच्या बुरुजावर राही आणि तिथून सगळ्या राज्याची बेरीज करी. दुसरी विदुषी होती, तिचे नाव एकाक्षी. ती काचेच्या महालात एकेका माणसाला बसवून तो काय उचलतो आणि काय सोडतो ते पाही. तिसरा गुहेत राही, उलटा चाले आणि फक्त घडून गेलेले पाही; लोक त्याला मागेबुवा म्हणत. पहिला म्हणाला, राज्य म्हणजे एक मोठी नदी. दुसरी म्हणाली, राज्य म्हणजे एका माणसाची निवड, लाखदा केलेली. तिसरा म्हणाला, राज्य म्हणजे जुनी सवय. राजाचे समाधान झाले नाही.

तेव्हा कालभट मांत्रिक पुढे झाला. म्हणाला, "महाराज, चालतं तोवर ते दिसत नाही. थांबवलं तर दिसेल."

"एक दिवस थांबव," राजा म्हणाला. "मला बघायचंय."

राजा बोले, दळ हाले. कालभटाने तिघा पंडितांकडून एकेक मंत्र घेतला, तीन पदरांची गाठ बांधली आणि ती महाद्वारावर टांगली. त्या घटकेपासून एका माणसाच्या हातची वस्तू दुसऱ्या माणसाच्या हाती गेली की तिची राख होऊ लागली.

बाजारच्या ओट्यावर तेव्हा रायाजी मापारी ज्वारी मोजत होता. त्याचा बाप मापारी, आजा मापारी. त्याच्या हातचे माप शेजारच्या दोन राज्यांत डोळे मिटून घेत. मापाऱ्याने पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, अशी तिथली रीत. रायाजीने पायली भरली, खणखणीत आवाजात "लाभ!" म्हणाला आणि कुंभाराने पसरलेल्या धोतरात ओतली. धोतरात राख पडली. रायाजीने "दोन!" म्हणून दुसरी ओतली. तीही राख. तिसऱ्याला त्याचा आवाज फुटला नाही. बाजारभर ज्याच्या त्याच्या हातात राख होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालभट गाठ सोडायला बसला. ती सोडायची तर शिष्याला हातात दर्भ द्यावा लागे. शिष्याने दर्भ दिला. त्याची राख झाली. दुसरा दिला, त्याचीही झाली. कालभट दुपारपर्यंत त्या राखेकडे बघत बसला. एवढा मोठा मांत्रिक, पण उभ्या जन्मात त्याने चूल पेटवलेली नव्हती. अकराव्या दिवशी तो उपासाने मेला.

आता म्हणायला 'आपला हात जगन्नाथ' असे आपण म्हणतो. ते किती खोटे आहे, हे त्या राज्याला महिन्याभरात कळले. शेतकऱ्याकडे शेत होते, पण एकाने कापलेले कणीस दुसऱ्याने पेंढीत बांधले की राख. कुंभाराकडे शंभर मडकी होती आणि शिजवायला काही नव्हते. साळ्याकडे लुगडी होती. त्यांचा त्याला काय उपयोग? चोरून नेले तरी राख, वाटेवर ठेवून दुसऱ्याने उचलले तरी राख. आधी म्हातारी माणसे गेली, मग अंथरुणाला खिळलेली, मग नुकतीच अंगावरून तुटलेली लेकरे. अंगावर पिणारी तेवढी तगली, कारण ते दूध कुणाच्या हातातून जात नाही. पण आयाच उपाशी, तर दूध तरी किती दिवस येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून? आयांनी थोरल्या पोरांना बजावले: कुणाला काही द्यायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही. राजाला बागेतल्या पेरूवर चढायला शिकावे लागले. त्याचे गुडघे सोलवटले, पण तो जगला.

रायाजीला पाच वर्षांची मुलगी होती, ठकी. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. पहिल्या दिवशी त्याने स्वतः भाकरी थापली, आणि ठकीच्या हातात देताच तिची राख झाली. ठकी खदखदून हसली. म्हणाली, "बाबा, पुन्हा कर ना!" रायाजीने पुन्हा केले. घास थेट तोंडात भरवला. तिने राख थुंकली, आणि मग मात्र ती रडू लागली.

तो तिला खांद्यावर घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेला. मार्गशीर्ष लागला होता, रानबोरी लगडल्या होत्या. त्याने फांदी वाकवून धरली आणि ठकीने आपल्या हाताने बोर तोडून खाल्ले. ते बोरच राहिले. झाडाच्या हातचे चालत होते, माणसाच्या हातचे तेवढे चालत नव्हते. पाण्यासाठी तो तिला ओढ्यावर नेई आणि ती ओणवी होऊन वासरासारखी पाणी पिई. तो स्वतः कंद उकरून कच्चे खाई. ठकीनेही एकदा खाल्ले, पण तिच्या पोटात कळा आल्या. तेव्हा ठकीचे जगणे बोरांवर आले. बोरे माघाच्या शेवटापर्यंत असतात, हे माळावरचे शेंबडे पोरही सांगेल.

त्या पहिल्याच दिवशी ठकीने एक बोर अर्धे चावले, उरलेले त्याच्यापुढे धरले आणि म्हणाली, "हे गोडंय. तू खा."

"नको बाळ, तूच खा."

"आ कर ना, बाबा."

"अगं, त्याची राख होईल. एक बोर वाया जाईल."

मापाऱ्याच्या हातून दाणा वाया जात नाही, तो बोर कसे जाऊ देणार? त्याने तिचा हात वळवून तिच्याच तोंडाशी नेला. रोज ती एक बोर पुढे करी, रोज तो तिचा हात वळवी. आणि मनात मोजी: लाभ, दोन, तीन. पहिल्या दिवशी बासष्ट झाली होती. पौषात चाळीस होऊ लागली.

एका सकाळी बोरीवर एक साळुंकी येऊन बसली. ती कालभटाच्या ओसरीवरची होती आणि तिला माणसाचे बोलणे येत होते.

"मापाऱ्या," ती म्हणाली, "कालभट मेला."

"ठाऊक आहे."

"गाठ तीन पदरांची आहे. एकेक पदर एकेका पंडिताला ठाऊक. तिघांकडे जाशील तर सुटेल कशी ते कळेल."

"मग तूच का नाही जात?"

"मला हात नाहीत," असे म्हणून साळुंकी उडून गेली.

रायाजीने ठकीला खांद्यावर घेतले. बोरी असतील अशाच वाटेने जायचे, असे ठरवून तो निघाला.

बुरुज चार दिवसांच्या वाटेवर होता. हजार पायऱ्या चढून रायाजी वर गेला. वर पंडित बसला होता. कठड्यावर कबुतरे अंडी घालत आणि ती उचलून तो कच्ची पिई, म्हणून त्याचे बरे चालले होते. उंटावरचे शहाणे आपण पुष्कळ पाहिले, हा बुरुजावरचा. तिथून सगळे राज्य परातीत मांडल्यासारखे दिसे.

"पदर सांगा," रायाजी म्हणाला.

"आधी काम कर. धुरावर माझी नजर आता ठरत नाही. राज्यात आज किती घरांवर धूर आहे ते मोजून सांग."

मोजणे हे तर रायाजीचे रक्तातले काम. त्याने सकाळपासून उन्हे कलेपर्यंत मोजले. गेल्या वर्षी एक लाख घरांवर धूर होता, आज नऊ हजारांवर होता. पंडिताने आकडा लिहून घेतला, जुन्या आकड्याशेजारी ठेवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच दुःख दिसले. तो वाईट माणूस नव्हता.

"पंडितजी, सकाळी मी मुलीला खाली ओढ्याकाठी बसवून आलो. ती इथून कुठं दिसते का?"

पंडिताने बराच वेळ पाहिले. "इथून मुलगी दिसत नाही," तो म्हणाला. "मुली दिसतात. पुष्कळ कमी झाल्या आहेत."

मग त्याने पदर सांगितला: "गाठ सगळ्या राज्याला बसली, पण सुटायची ती दोनच हातांत. एक देणारा, एक घेणारा. त्यांच्यात सुटली की सगळीकडे सुटेल." रायाजी पायऱ्या उतरून धावत ओढ्यावर गेला. ठकी होती तिथेच होती. तिच्या मुठीत एक बोर होते, बापासाठी राखलेले. त्याने तिचा हात वळवला.

काचमहाल तिथून सहा दिवस दूर होता. वाटेत गावे लागली. एका गावात एक बाई उंबऱ्यात बसून स्वतःच्या दोन तळव्यांकडे बघत होती. रायाजीने रामराम घातला. ती म्हणाली, "जवळ येऊ नका." एवढेच. एका गावात कुत्री तेवढी होती. ठकी आता पूर्वीसारखी बडबडत नव्हती, आणि बोरे पंचवीसवर आली होती.

एकाक्षीने रायाजीला काचेच्या दालनात बसवले. भिंतीपलीकडे ती लेखणी घेऊन बसली. तिच्या अंगणात उंबर होता, त्याची फळे ती स्वतः वेचून खाई. म्हणाली, "तीनदा निवड. खरं निवडलंस तर पदर सांगेन."

आधी तिने पाणी आणि सावली यांत निवडायला सांगितले. रायाजीने पाणी निवडले. मग तुझे डोळे की तुझे पाय? रायाजीने पाय निवडले. डोळे नसले तरी मुलीला उचलून चालता येईल, ती वाट सांगेल. एकाक्षीने लिहून घेतले.

"आता शेवटचं. एका बाजूला तुझी ठकी. दुसऱ्या बाजूला राज्यातली बाकीची सगळी पोरं. कोण जगावं?"

रायाजीने श्वासही घेतला नाही. "ठकी," तो म्हणाला, आणि काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. त्याला स्वतःची लाज वाटली. पण पुन्हा विचारले असते तरी त्याने तेच सांगितले असते.

"हजार बापांना विचारलं, हजार आयांना विचारलं," एकाक्षी म्हणाली. "सगळे हेच सांगतात. माझं शास्त्र इथवरच येतं. ह्या दालनात मी कधी दोन माणसं एकदम बसवली नाहीत. बसवली असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही." आणि तिने पदर सांगितला: "देणाऱ्याच्या मनात तोट्याची भीती नको. भीती असली की राख."

मागेबुवाच्या गुहेपर्यंत जाताना माघ अर्धा सरला. ठकीच्या पायांवर सूज आली होती. बोट दाबले की खळगा तसाच राही. रायाजी दिवसातून दहादा दाबून बघे आणि दहादा पस्तावे. बोरे अकरावर आली.

मागेबुवा पाठमोराच बाहेर आला. गुहेत ताडपत्रे रचलेली होती, आणि तो गुहेतल्या भिंतीवर उगवणारी अळंबी खाऊन राही. म्हणाला, "माझं काम एवढंच. तीन दिवस बस आणि मागच्या सगळ्या उपासमारी ऐक. कुणीतरी ऐकल्याशिवाय मला पदर आठवत नाही."

"तीन दिवस? बुवा, माझी पोर..."

"त्या पोरीही कुणाच्या तरी होत्या," मागेबुवा म्हणाला.

रायाजी बसला. ठकीला त्याने गुहेच्या तोंडाशी, एका वाळत चाललेल्या बोरीखाली बसवले. मागेबुवा वाचत गेला: टोळ आले ते वर्ष, घाट बुजला ते वर्ष, भरल्या कोठारांना राजाने कुलूप घातले ते वर्ष. दर वर्षाच्या शेवटी मेलेल्यांची नावे होती आणि तो एकही नाव गाळत नव्हता. दुसऱ्या दिवशी रायाजी रडला. तिसऱ्या दिवशी त्याला रडूही येईना. शेवटी मागेबुवा एका पानावर थांबला.

"हीच गाठ पूर्वी एकदा बसली होती. आणि सुटली होती."

"कशी?"

"ते लिहिलेलं नाही. ज्यांच्या हातून सुटली, त्यांना लिहिता येत नव्हतं. एवढीच ओळ आहे: घेणाऱ्याने मोजलं नाही." हाच तिसरा पदर होता.

रायाजी बाहेर धावला. आता त्याला सगळे ठाऊक झाले होते. दोन हात हवेत. देणाऱ्याला भीती नको, घेणाऱ्याने मोजू नये. पोर काय मोजणार? तिला वीसच्या पुढे येतच नव्हते. म्हणजे भीती सोडायची ती त्यानेच. त्याने एक कंद उकरला, ओढ्यात धुतला, दगडाने ठेचून मऊ केला, आणि मनाशी म्हणाला, मला भीती नाही. कंद ठकीपुढे धरला. राख झाली. त्याने डोळे मिटले, दुसरा धरला. त्याचीही राख. तिसरा कंद त्याच्या हातून आधी मातीत पडला. उचलून दिला, राख. भीती नाही म्हणणारा तोही भीतच म्हणत असतो. ठकी मुकाट्याने तळहातावरची राख परकराला पुसत राहिली.

"असू दे, बाबा," ती म्हणाली.

मग तो घराकडे निघाला. दुसरे काही सुचत नव्हते म्हणून निघाला. ज्ञान मिळाले होते, तीनही बाजूंनी मिळाले होते, आणि त्याच्या एका कणाने पोरीचे पोट भरत नव्हते. वाटेतल्या बोरी खराटा झाल्या होत्या. एके दिवशी चार मिळाली, एके दिवशी तीन, मग एक दिवस काहीच नाही.

गावाजवळच्या नदीच्या उतारावर एका बोरीला एक बोर दिसले. हिरवट, सुरकुतलेले, उंच टोकाला. रायाजीने ठकीला खांद्यावर उभे केले. तिला उभे राहवेना, तेव्हा त्याने तिचे दोन्ही घोटे धरून ठेवले. तिने तीनदा हात केला आणि बोर तोडले. तो तिला मांडीवर घेऊन खाली बसला. समोर नदी होती, भर दुपार होती, आणि सबंध पात्रात एक माणूस नव्हता.

ठकीने बोराचा एक लहानसा लचका तोडला, हळूहळू चघळला, आणि उरलेले त्याच्यापुढे धरले.

"आ कर."

ब्याऐंशी दिवस त्याने तो हात वळवला होता. आज त्याने वळवला नाही. गाठ सुटेल असे त्याला वाटले म्हणून नव्हे. गाठ त्याच्या मनातही नव्हती. बोर एक, दिवस किती, पोर किती जगेल, असा जो जन्मभराचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असे, तो बंद पडला होता. त्याला एवढेच दिसले की पोरीचा हात दुखत असेल आणि तरी तिने तो धरून ठेवला आहे. त्याने तोंड उघडले. तिने बोर आत सारले. तो चावू लागला आणि नदीकडे बघत राहिला. बी दाताला लागली, तेव्हा कुठे त्याला कळले.

त्याने ती तळहातावर काढली. बीच होती.

आधी त्याला आनंद झाला नाही. त्याला पहिला दिवस आठवला. माळावरची लगडलेली बोरी, टुणटुणीत ठकी, आणि पुढे केलेला तिचा हात. पोरीच्या मनात तोटा कधी नव्हताच. त्याच दिवशी त्याने तोंड उघडले असते, तर त्याच दिवशी गाठ सुटली असती. आणि राज्यात असे हात किती घरांत पुढे झाले असतील! उपाशी पोराच्या तोंडचा घास कोणता बाप घेईल, कोणती आई घेईल? सगळ्यांनी मायेनेच ते हात वळवले होते. रायाजीने कपाळ जमिनीवर आपटले.

महाद्वारावरची गाठ त्याच घटकेला आपोआप उकलली आणि सुतळी खाली पडली.

रायाजी ठकीला उचलून धावत सुटला. पहिल्याच घरी लोहाराची बायको स्वतःपुरती भाकरी भाजत होती. तो ओरडला, "वहिनी, द्या, द्या, राख होत नाही!" ती मागे सरली. त्याने बी दाखवली, पोरीचे तोंड दाखवले. शेवटी तिने डोळे घट्ट मिटून भाकरी पुढे केली, आणि भाकरी भाकरीच राहिली. ती किंचाळली, ते ऐकून आळी गोळा झाली.

रायाजीने तुकडा लोण्यासारखा मऊ कुस्करून ठकीच्या तोंडात घातला. भाकरी ब्याऐंशी दिवसांनी तिच्या जिभेवर आली होती. तिने ती गालात धरून ठेवली. गिळली नाही.

"बाबा, बोर गोड होतं?"

"खूप गोड होतं गं."

"मी म्हटलंच होतं," ती म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही, आणि उन्हे उतरायच्या आत त्याच्या मांडीवर गेली. भाकरी तिच्या गालातच होती.

लहान लेकरांना तिथे जाळत नसत, पुरत असत. रायाजी नदीकाठी गेला आणि नखांनी माती उकरू लागला. तेव्हा लोहाराने न मागता कुदळ आणून त्याच्या हातात दिली. साळ्याने न विकलेल्या लुगड्यांतले एक फाडून आणले. घाटाखालून आलेली एक मीठवाली ह्याच गावात अडकून पडली होती. पुरताना अंगावर घालायचे म्हणून तिने ओटीतले सगळे मीठ दिले. कुंभाराने मडके दिले, दुसऱ्या कुणी त्यात पाणी भरले. बायकांनी मातीच्या पाट्या भरल्या आणि त्या रांगेने एकीच्या हातातून दुसरीच्या हातात येऊ लागल्या. दर वेळी पाटी हातात पडली की बाई क्षणभर थांबे, पाटीत माती आहे ना ते बघे, आणि मग पुढे देई.

आळीतून सगळी हकीकत ऐकून राजा मणिध्वज आला तेव्हा खड्डा अर्धा भरला होता. सोबत प्रधान नव्हता. प्रधान पौषातच गेला होता. राजाच्या गुडघ्यांवर खपल्या होत्या. तो काठावर उभा राहून म्हणाला, "मापाऱ्या, तू गाठ सोडवलीस. तू तिन्ही पंडितांकडे जाऊन आलास. आता तरी सांग, राज्य कशाने चालतं?"

रायाजीने मान वर केली नाही. "महाराज," तो म्हणाला, "रांगेत जागा आहे."

राजा खाली उतरला. लोहाराच्या बायकोने त्याच्याकडे पाटी केली. ती कशी धरायची हे त्याला ठाऊक नव्हते, ते तिने त्याला दाखवले. त्याने ती पुढच्या बाईच्या हातात दिली, मग दुसरी घेतली. असे खड्डा भरेपर्यंत चालले. राजा रडत होता, पण राजा रडतोय म्हणून कुणी थांबले नाही.

दुसऱ्या दिवसापासून वेशीतून दूध येऊ लागले, महिन्याभरात मीठ येऊ लागले. बुरुजावरच्या पंडिताने धूर मोजले ते वाढलेले होते. एकाक्षीने काचेच्या दालनात दोन माणसे बसवली. मागेबुवाने मेलेल्यांची नावे लिहायला घेतली आणि ते काम त्याला तीन वर्षे पुरले. शाप गेला, राज्य पूर्ववत झाले, ऐकणाऱ्यांचे भले होवो. पण रायाजीची गोष्ट त्या संध्याकाळी नदीकाठीच संपते.

माणसे पांगली तेव्हा मीठवाली मागे राहिली. तिच्या दोन मुली ह्या थंडीत गेल्या होत्या. ते तिने कुणाला सांगितले नाही. कुणाच्या तरी चुलीवरून तिने कढत भाकरी आणि भाजलेला कांदा आणला होता. ते तिने रायाजीपुढे धरले.

"खा, दादा."

"कसं खाऊ?" रायाजी म्हणाला. "तिच्या तोंडातली अजून..."

मीठवाली हात तसाच पुढे धरून राहिली. बराच वेळ गेला. तिचा हात कापू लागला, तेव्हा रायाजीने भाकरी घेतली. एक घास खाल्ला, मग दुसरा, मग त्याला आवरेना. ओल्या मातीशेजारी बसून, दोन्ही हातांनी तोंडात कोंबत, हुंदके देत त्याने ती सगळी भाकरी खाल्ली. त्याला फार भूक लागली होती.